भाषागट आणि उत्पन्नगट यांनुसार इंटरनेटच्या जागतिक वाढीचा अंदाज: आधी काय मोजावे?

मलप्रभाकाठ (खानापूर)

नमस्कार. आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकासाठी मी एक दीर्घ लेख लिहायला घेतला आहे. येत्या दहा वर्षांत जगात इंटरनेट वापरणाऱ्यांची संख्या किती वाढेल आणि ती वाढ कोणत्या भाषा बोलणाऱ्यांत व कोणत्या उत्पन्नाच्या लोकांत होईल, असा त्याचा विषय आहे. आकडे बऱ्यापैकी गोळा झाले आहेत. ते कोणत्या क्रमाने जोडावेत, याविषयी जाणकारांचे मत हवे आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या वर्षवार आकडेवारीनुसार २००५ मध्ये जगातील सुमारे १६ टक्के लोक इंटरनेट वापरत होते, २०१० मध्ये सुमारे २९ टक्के, आणि २०२४ च्या अहवालानुसार हे प्रमाण ६८ टक्के, म्हणजे सुमारे ५५० कोटी माणसे इतके झाले. बाहेर राहिलेले २६० कोटी. त्याच अहवालात उच्च उत्पन्नाच्या देशांत ९३ टक्के आणि अल्प उत्पन्नाच्या देशांत अवघे २७ टक्के अशी तफावत दिसते. उत्पन्नगटांचे आकडे असे सरळ मिळतात. भाषेचे तसे नाही. भाषेविषयी जे तक्ते पाहायला मिळतात, त्यांतील बरेचसे देशाची किंवा राज्याची प्रमुख भाषा गृहीत धरून तिथल्या सर्व वापरकर्त्यांना त्या एका भाषेच्या खात्यात टाकतात.

या रीतीने पाहिले तर आम्ही सगळे कन्नडच्या खात्यात जातो. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४८ लाख होती आणि त्यांतील पाचव्या हिश्श्याच्या जवळपास लोकांनी मराठी ही मातृभाषा नोंदवली होती. सबंध कर्नाटकात अशांची संख्या २० लाखांच्या आसपास होती. शिवाय आमच्या तालुक्यात घरात मराठी, तहसीलदार कचेरीत कन्नड, मोबाइलवरच्या व्हिडिओत हिंदी आणि बँकेच्या ॲपमध्ये इंग्रजी असा व्यवहार एकाच माणसाचा एकाच दिवसात चालतो. त्याला कोणत्या भाषेचा वापरकर्ता म्हणावे?

तेव्हा माझे विचारणे असे आहे की वाढीचा अंदाज आधी उत्पन्नगटांनुसार बांधून मग तो भाषांमध्ये वाटावा, की प्रत्येक भाषागटाचा स्वतंत्र अंदाज करून त्यांची बेरीज करावी? आणि वाढीचा वक्र कुठे सपाट होतो असे धरावे, शंभर टक्क्यांवर की त्याच्या अलीकडे?

टिळकवाडी_संख्याशास्त्र (बेळगाव)

प्रश्नाचा शेवटचा भाग आधी घेतो, कारण बाकीचे त्यावर उभे आहे.

नव्या गोष्टीचा प्रसार सुरुवातीला संथ, मधल्या काळात वेगवान आणि अखेरीस पुन्हा संथ होतो, हे सर्वांना ठाऊक असते. त्याचे गणिती रूप बेल्जियमचे गणिती व्हेरहुल्स्ट यांनी १८३८ मध्ये लोकसंख्येसाठी मांडले, त्याला आपण लॉजिस्टिक वक्र म्हणतो. वस्तूंच्या प्रसारासाठी फ्रँक बास यांनी १९६९ मध्ये त्यात भर घातली: काही लोक आपणहून नवी वस्तू घेतात आणि बहुतेक लोक इतरांचे पाहून घेतात, म्हणून दोघांचे गुणांक वेगळे धरावेत. तुमच्या लेखाला लॉजिस्टिक पुरेसा आहे, आणि तो वापरण्याची एक सोपी युक्ती आहे. टक्केवारीकडे पाहण्याऐवजी वापरणारे आणि न वापरणारे यांचे गुणोत्तर पाहावे. वक्र खरोखर लॉजिस्टिक असेल तर हे गुणोत्तर दरसाल ठरावीक दराने वाढते.

तुमच्याच आकड्यांवर हे करून पाहा. २००५ मध्ये गुणोत्तर १६ भागिले ८४, म्हणजे ०.१९ होते. २०१० मध्ये २९ भागिले ७१, म्हणजे ०.४१. या पाच वर्षांत ते दरसाल सुमारे साडेसोळा टक्क्यांनी वाढले. २०२४ मध्ये ६८ भागिले ३२, म्हणजे २.१३, अर्थात २०१० नंतरच्या चौदा वर्षांत वाढ दरसाल साडेबारा टक्क्यांवर आली. स्मार्टफोन जगभर पोहोचला तो याच काळात, तरीही प्रसाराचा अंगभूत वेग मंदावला, ही गोष्ट लेखात आवर्जून यायला हवी. हाच साडेबारा टक्क्यांचा दर पुढे चालवला तर २०३४ मध्ये गुणोत्तर ६.९ होते आणि प्रमाण ८७ टक्क्यांवर जाते.

आता कमाल पातळी शंभराऐवजी नव्वद टक्के धरा आणि तेच गणित पुन्हा करा. भागाकारात ३२ च्या जागी २२ येतात, ७१ च्या जागी ६१ येतात, आणि २०३४ चे उत्तर ८३ टक्के निघते. म्हणजे आकडे तेच, वक्र तोच, फक्त माथ्याविषयीचे गृहीतक बदलले की उत्तरात चार टक्क्यांचा फरक पडतो. तोवर जगाची लोकसंख्या पावणेनऊशे कोटींच्या आसपास गेलेली असेल, तेव्हा हा फरक पस्तीस ते चाळीस कोटी माणसांचा होतो. भारतात मराठी मातृभाषा नोंदवणारे २०११ मध्ये ८.३ कोटी होते. एका गृहीतकाच्या फरकात अशा चार भाषा मावतात. जो अंदाज कमाल पातळी सांगत नाही, तो मी गंभीरपणे वाचत नाही.

शंभर टक्के धरणे मला पटत नाही. दूरसंचार संघाचे प्रमाण एकूण लोकसंख्येशी काढलेले असते, आणि अल्प उत्पन्नाच्या देशांत पाच वर्षांखालील मुलेच सुमारे १५ टक्के असतात. तिथली कमाल पातळी युरोपातल्या पातळीइतकी असू शकत नाही. म्हणूनच सबंध जगाला एक वक्र लावणे चुकीचे ठरते. प्रत्येक उत्पन्नगटाला स्वतंत्र वक्र आणि स्वतंत्र माथा द्यावा लागतो.

अल्प उत्पन्नाच्या गटाचे उदाहरण घेऊ. लोकसंख्या ढोबळमानाने ७० कोटी आणि तिची वाढ दरसाल अडीच टक्के धरा. २०२४ च्या अहवालानुसार २७ टक्के वापरतात, म्हणजे सुमारे ५१ कोटी बाहेर आहेत. गुणोत्तर दरसाल आठ टक्क्यांनी वाढते असे मानले तर दहा वर्षांनी प्रमाण ४४ टक्के होते, आणि वर्तमानपत्राला मथळा मिळतो. पण तोवर लोकसंख्या ९० कोटींच्या घरात गेलेली असते आणि तिच्यातले ५६ टक्के म्हणजे ५० कोटी लोक बाहेरच असतात. प्रमाण २७ वरून ४४ टक्क्यांवर गेले, बाहेरच्या माणसांची संख्या जवळपास जागच्या जागी राहिली. आठ टक्क्यांचा दर मी उदाहरणापुरता घेतला आहे, पण दर थोडा खालीवर केला तरी चित्राचा सांगाडा बदलत नाही.

आणखी एक सापळा आहे. जागतिक बँक देशांची उत्पन्नगटांत विभागणी दरडोई उत्पन्नानुसार दरवर्षी जुलैमध्ये नव्याने करते. २०१५ मध्ये बांगलादेश, केनिया, म्यानमार आणि ताजिकिस्तान हे अल्प उत्पन्नाच्या गटातून वरच्या गटात गेले. या शतकाच्या आरंभी या गटात साठाहून अधिक देश होते, अलीकडे सव्वीसच्या आसपास उरले आहेत. वर्गातली बरी मुले दरवर्षी दुसऱ्या तुकडीत हलवली तर मूळ तुकडीची सरासरी सुधारणार कशी? तेव्हा गटाची मालिका जशीच्या तशी न वापरता आजच्या यादीतले देश कायम ठेवून त्यांची मागची वर्षे जोडावीत. बांगलादेश इकडून तिकडे गेला की बंगाली बोलणाऱ्या कोट्यवधी लोकांचा उत्पन्नगट एका रात्रीत बदलतो, प्रत्यक्षात त्यांच्या हातातला फोन तोच असतो.

तुमच्या मुख्य प्रश्नाचे माझे उत्तर त्यामुळे स्पष्ट आहे. माणसे आधी उत्पन्न, वय आणि गाव-शहर यांनुसार मोजा. भाषा शेवटी वाटून द्या. जोडणी मिळते ती पैशाने आणि वयाने. भाषा तिच्यानंतर येते.

निपाणी_वेस (निपाणी)

टिळकवाडीकर सरांचे गणित मला मान्य आहे, त्यांचे शेवटचे वाक्य मात्र मान्य नाही. माझे मोबाइल विक्री-दुरुस्तीचे दुकान आहे, आणि काउंटरच्या या बाजूने जे दिसते ते थोडे निराळे आहे.

मोबाइल कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या, म्हणजे जीएसएमएच्या, अलीकडच्या अहवालांनुसार जगातील सुमारे ५७ टक्के लोक मोबाइल इंटरनेट वापरतात आणि जिथे सिग्नलच पोहोचत नाही असे लोक फक्त चार टक्क्यांच्या आसपास आहेत. मधले सुमारे ३९ टक्के लोक सिग्नलच्या पट्ट्यात राहूनही इंटरनेट वापरत नाहीत. त्यामागे फोनची किंमत हे एक मोठे कारण आहेच, पण वाचता न येणे, फोनमधले पर्याय न समजणे आणि आपल्या उपयोगाचे त्यात काही नाही असे वाटणे हीसुद्धा तितकीच खरी कारणे आहेत. ही शेवटची तिन्ही कारणे भाषेशी बांधलेली आहेत. ज्या माणसाला पडद्यावरची अक्षरे परकी वाटतात, तो पैसे हातात असूनही साधा बटणाचा फोन मागतो. तंबाखूच्या शेतीत चार पैसे मिळवलेले वयस्क शेतकरी मी पाहतो; त्यांना फोनची किंमत आडवी येत नाही. त्यांना मराठीत बोलून शोधता येते हे एकदा दाखवून दिले, की ते दुसऱ्या आठवड्यात मोठ्या पडद्याचा फोन घेऊन जातात. तेव्हा कमाल पातळी ठरवताना भाषेला आत घ्यावे लागेल, ती केवळ शेवटी वाटण्याची वस्तू नाही.

दुसरी गोष्ट अशी की हे वक्र माणूस एकदा आत आला की आतच राहतो असे मानतात. कमी उत्पन्नाच्या घरांत तसे होत नाही. जुलै २०२४ मध्ये देशातल्या तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत त्यांचे ग्राहक घटल्याचे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या आकड्यांत दिसले. आमच्याकडे घरात तीन फोन असतील तर पहिल्यांदा आईच्या फोनचा रिचार्ज थांबतो. मुलाचा चालू राहतो, कारण त्याला कामावर तो लागतो. उत्पन्न घटले की वापर कोणाचा तुटतो, हे घराच्या सरासरी उत्पन्नात दिसत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के पुरुषांनी आणि ३३ टक्के स्त्रियांनी आयुष्यात कधीतरी इंटरनेट वापरल्याचे सांगितले होते. उत्पन्नगटाच्या प्रत्येक रकान्याचे स्त्री आणि पुरुष असे दोन भाग केल्याशिवाय पुढचा अंदाज करू नये, असे माझे मत आहे.

भालकी_पेठ (बीदर)

दोघांचेही पटते, परंतु भाषा आत घ्यायची की शेवटी वाटायची हे ठरवण्यापूर्वी भाषेचे जे आकडे बाजारात फिरतात ते नेमके काय मोजतात, हे लेखकाने तपासावे. माझ्या पाहण्यात तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच नावाने वावरतात.

पहिली गोष्ट म्हणजे संकेतस्थळांची भाषा. डब्ल्यूथ्रीटेक्स ही संस्था संकेतस्थळांच्या मजकुराची भाषा मोजते. तिच्या गणनेत निम्म्याच्या आसपास स्थळे इंग्रजी असतात आणि चिनी स्थळे एक-दीड टक्क्याच्या आसपास. आता चीनच्या अधिकृत आकडेवारीनुसार डिसेंबर २०२४ मध्ये त्या देशात ११० कोटी इंटरनेट वापरकर्ते होते, म्हणजे जगातील दर पाच वापरकर्त्यांमागे एक. या दोन आकड्यांत विसंगती नाही. चिनी माणसाचा बहुतेक व्यवहार संकेतस्थळांवर होत नाही, तो काही थोड्या अवाढव्य ॲपांच्या आत होतो, आणि त्या ॲपांतला मजकूर या मोजणीत येतच नाही. मराठीचेही असेच आहे. व्हॉट्सॲपवरच्या गटांत आणि यूट्यूबवरच्या व्हिडिओंत जी मराठी वाहते, तिचा या गणनेत मागमूस नसतो. हिंदीचा हिस्साही तिथे एका टक्क्याच्या दहाव्या भागाहून कमी दिसतो, त्यावरून हिंदी वापरकर्ते कमी आहेत असे कोणी म्हणणार नाही. तेव्हा संकेतस्थळांच्या हिश्श्यावरून भाषागटाच्या वाढीचा अंदाज करू नये.

दुसरी गोष्ट म्हणजे पसंतीची भाषा. गूगल आणि केपीएमजी ही सल्लागार कंपनी यांनी एप्रिल २०१७ मध्ये भारतीय भाषांविषयी एक अहवाल काढला होता. त्यात २०१६ मध्ये भारतीय भाषांतून इंटरनेट वापरणारे २३.४ कोटी आणि इंग्रजीतून वापरणारे १७.५ कोटी असे धरून २०२१ साठी अनुक्रमे ५३.६ कोटी आणि १९.९ कोटी असा अंदाज केला होता. मराठीच्या वाट्याला ५.१ कोटी आले होते. येथे प्रत्येक माणसाला एकच भाषा मिळते, इंग्रजी किंवा भारतीय भाषा. तिसरी गोष्ट म्हणजे प्रत्यक्ष वापरलेली भाषा. इंटरनेट आणि मोबाइल व्यवसायांची भारतीय संघटना व कांतार ही बाजार-संशोधन कंपनी यांच्या २०२४ च्या अहवालात सक्रिय वापरकर्ते ८८.६ कोटी होते आणि त्यांतील ९८ टक्क्यांनी भारतीय भाषांतला मजकूर पाहिला किंवा ऐकला होता. येथे एकच माणूस चार भाषांत येऊ शकतो. हे दोन अहवाल शेजारी ठेवून भारतीय भाषांनी अंदाजाहून मोठी झेप घेतली, असे लिहिलेले पाहायला मिळते. वास्तविक त्या दोन संख्यांची तुलनाच होत नाही.

केवळ भाषेचाच हा घोळ नाही. वापरकर्ता कोण, हेही प्रत्येक ठिकाणी वेगळे आहे. दूरसंचार संघ गेल्या तीन महिन्यांत वापरणाऱ्याला मोजतो, भारतीय संघटना व कांतार यांचा अहवाल गेल्या महिन्याभरात वापरणाऱ्याला, कुटुंब आरोग्य सर्वेक्षण कधीतरी वापरलेल्याला, आणि दूरसंचार नियामक प्राधिकरण जोडण्या मोजते, माणसे नाही. म्हणूनच २०२४ मध्ये नियामकाच्या आकड्यांत सुमारे ९७ कोटी इंटरनेट ग्राहक दिसतात आणि सक्रिय माणसे ८८ कोटी. ज्याच्याकडे दोन सिम आहेत तो तिथे दोनदा मोजला जातो.

मूळ प्रश्नातली एकाच माणसाच्या चार भाषांची अडचण केवळ आपली नाही, हेही लेखात यावे. कांगो लोकशाही प्रजासत्ताक हा अल्प उत्पन्नाच्या गटातला मोठा देश. तिथे अधिकृत भाषा फ्रेंच आणि राष्ट्रीय भाषा लिंगाला, स्वाहिली, किकोंगो व चिलुबा. प्रमुख भाषेच्या रीतीने पाहिले तर तिथला प्रत्येक नवा वापरकर्ता फ्रेंचच्या खात्यात जमा होतो आणि फ्रेंचची वाढ जोरात चालली आहे असा निष्कर्ष निघतो. तो माणूस बाजारातल्या भावांविषयी लिंगालामध्ये आवाजी संदेश पाठवत असतो, हे कोणत्याही रकान्यात उतरत नाही. येत्या दहा वर्षांतली लोकसंख्यावाढ ज्या देशांत आहे, त्यांतल्या पुष्कळांची स्थिती अशीच बहुभाषिक आहे. म्हणून जागतिक अंदाजातली भाषेची बाजू पुढे अधिकाधिक डळमळीत होत जाणार, असे मला वाटते.

मलप्रभाकाठ (खानापूर)

तिघांचेही आभार. आता एक नेमकी विचारणा करतो. लेखाच्या अखेरीस बेळगाव जिल्ह्याचे उदाहरण घेऊन मराठी वापरकर्त्यांचा अंदाज प्रत्यक्ष करून दाखवावा, असा विचार आहे. नियामकाचे आकडे दूरसंचार परिमंडळानुसार, म्हणजे मोबाइल सेवेसाठी आखलेल्या विभागांनुसार मिळतात, म्हणजे आम्ही कर्नाटक परिमंडळात. चंदगड, गडहिंग्लज, कागल हे अगदी लगतचे तालुके महाराष्ट्र परिमंडळात आणि गोवाही त्याच परिमंडळात. इकडच्या अनेकांची सिमकार्डे तिकडची आहेत आणि कामानिमित्त गोव्यात राहणाऱ्यांचीही तीच गत आहे. शिवाय एक वेगळीच अडचण आहे. २०२३ मध्ये स्त्रियांना दरमहा पैसे देणाऱ्या कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेची नोंदणी झाली, तेव्हा आमच्या गावातल्या पुष्कळ बायकांचे अर्ज ग्राम वन या सरकारी सेवा केंद्रातल्या माणसाने सेवा सिंधू या सरकारी संकेतस्थळावर भरले. सातबाऱ्याऐवजी आमच्याकडे जो आर.टी.सी. उतारा लागतो, तोही बहुतेक लोक केंद्रातूनच काढून घेतात. काम इंटरनेटवर झाले, बोट दुसऱ्याचे होते. अशांना वापरकर्ते धरावे काय?

टिळकवाडी_संख्याशास्त्र (बेळगाव)

दुसऱ्याच्या हाताने केलेला वापर वेगळ्या रकान्यात ठेवा. दूरसंचार संघाच्या व्याख्येत वापर कोणत्याही ठिकाणाहून आणि कोणत्याही साधनावरून चालतो, पण तो त्या व्यक्तीने केलेला असावा लागतो. केंद्रातून उतारा काढणारी बाई या व्याख्येत बसत नाही. तरी तिला सोडून देऊ नका. पुढच्या पाच वर्षांत स्वतः वापरू लागण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे ती तिच्यासारख्यांचीच, कारण इंटरनेटचा उपयोग काय हे तिला आधीच कळलेले आहे. बास यांच्या भाषेत सांगायचे तर पाहून शिकणाऱ्यांची रांग तिथे उभी आहे.

परिमंडळाच्या आकड्यांवरून जिल्ह्याचा अंदाज काढू नका. ते जोडण्यांचे आकडे आहेत आणि सीमेवर त्यांना फारसा अर्थ उरत नाही. त्याऐवजी माणसांपासून सुरुवात करा. जनगणनेच्या सी-१६ तक्त्यात मातृभाषेनुसार लोकसंख्या मिळते. तिचे वय, लिंग आणि गाव-शहर असे भाग पाडा. प्रत्येक भागाला उत्पन्नानुसार वापराचे प्रमाण लावा. उत्पन्नाची दरी किती खोल असू शकते याचा एक मासला देतो: राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या फेरीत देशातल्या सर्वांत वरच्या पाचव्या हिश्श्यातील निम्म्या घरांत इंटरनेटची सोय होती आणि सर्वांत खालच्या हिश्श्यात ती नऊ टक्क्यांच्या आसपास घरांत होती. तेव्हापासून ही दरी बरीच भरली आहे, कारण डेटाचा सरासरी दर २०१४ मध्ये एका जीबीला सुमारे २६९ रुपये होता तो पुढे दहा रुपयांच्या आसपास आला. पण जी घरे अजून बाहेर आहेत, त्यांच्यापुढे डेटाचा दर ही अडचण दुय्यम आहे. फोन घेणे आणि दर महिन्याचा रिचार्ज टिकवणे ही मुख्य अडचण आहे. निपाणीकरांनी सांगितलेली गळती, म्हणजे रिचार्ज थांबून बाहेर पडणारे लोक, येथे वजा करा. स्त्रियांच्या भागात ती अधिक धरा, त्यांचे निरीक्षण मला योग्य वाटते.

इथवर भाषेला हात लावायचा नाही, हे माझे म्हणणे मी थोडे सैल करतो. कमाल पातळीत भाषेचा वाटा आहे, हे निपाणीकरांचे म्हणणे पन्नाशीच्या पुढच्या लोकांना निश्चित लागू पडते. तरुणांना ते लागू पडते असे मला दिसत नाही. कन्नड माध्यमातला, मराठी माध्यमातला आणि उर्दू माध्यमातला मुलगा फोन हाताळण्यात सारखाच तरबेज असतो. तेव्हा वयस्कांच्या रकान्यात दोन कमाल पातळ्या घ्या: एक आज आहे तशी, दुसरी आवाजावर चालणारी साधने सुधारल्यानंतरची.

माणसांची संख्या हाती आली की मग भाषांचा दुसरा तक्ता करा, आणि त्यात माणसांऐवजी वापराचा वेळ वाटा. मराठीत इतका, हिंदीत इतका, कन्नडमध्ये इतका, इंग्रजीत इतका. एका माणसाची बेरीज शंभर. हे प्रमाण तयार मिळणार नाही, ते तुम्हाला गावांत विचारूनच काढावे लागेल. वाचनालयाच्या सभासदांपुरते विचारून थांबू नका, कारण जे वाचनालयात येतात त्यांची मराठी इतरांहून जास्तच असणार. जांबोटी-कणकुंबीकडचे, शहरातले आणि निपाणीकडचे लोक निराळे घ्या. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे २६ टक्के लोकांनी दुसरी भाषा आणि सुमारे सात टक्क्यांनी तिसरीही भाषा येत असल्याचे नोंदवले होते. सीमाभागात हे प्रमाण बरेच वर असणार, म्हणून देशाची सरासरी इथे चालवू नका.

छापताना एकच आकडा छापू नका. खालचा आणि वरचा असे दोन आकडे द्या, आणि प्रत्येकाखाली कमाल पातळी किती धरली, गळती किती धरली, वापरकर्त्याची व्याख्या कोणती घेतली, हे एका ओळीत लिहा.

निपाणी_वेस (निपाणी)

तरुणांविषयीचे सरांचे मत मी अर्धेच स्वीकारतो. फोन हाताळण्यात सगळे सारखे आहेत, हे खरे. पण शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचे प्रवेशपत्र, नोकरीची जाहिरात या गोष्टी ज्या भाषेत येतात ती न वाचता येणारा मुलगा व्हिडिओ पाहत राहतो आणि अर्जासाठी माझ्या दुकानात येतो. मोजणीत ती भाषा वाचता येणारा आणि न येणारा, दोघेही वापरकर्तेच. लेखकाने वेळेच्या तक्त्याशेजारी कामाचा एक तक्ता करावा: कोणते काम कोणत्या भाषेत आणि कोणाच्या हाताने झाले. गावोगाव विचारायला जाणारच आहात, तर हा प्रश्न त्यातच घाला.

भालकी_पेठ (बीदर)

एक व्यावहारिक सूचना राहिली. मातृभाषेचे जे तक्ते आपण सगळे वापरत आहोत ते २०११ चे आहेत आणि ते प्रसिद्ध व्हायलाच २०१८ उजाडले होते. पुढच्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ आहे आणि ती मोजणी मोबाइल ॲपवर होणार असल्याने तक्ते या वेळी लवकर हाती येण्याची आशा आहे. दिवाळी अंकाच्या लेखात २०११ च्या भाषिक प्रमाणांवर २०३४ चा अंदाज उभा असल्याचे स्पष्ट लिहा, आणि तुमचे गणित अशा रीतीने मांडून ठेवा की नवी प्रमाणे आली की फक्त तो एक रकाना बदलावा लागेल.